भरतीत नापास झालेला ब्रिटन (१९१८ ते १९३९)

जुनी_पानं

मुंबई इलाख्यातल्या सैन्यभरतीवर इथे बरीच चर्चा झाली आहे. हा धागा त्याच साम्राज्याच्या घरच्या भरतीवर काढतोय. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत ब्रिटनमधली जी पोरं सैन्यात जायला उभी राहिली, त्यांची शरीरं कशी होती, तशी का होती आणि सरकारनं त्यावर काय केलं, हे मला मांडायचं आहे. विषय परक्या देशाचा आणि जुना, पण वाचताना जीव तुटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात १९१७ पासून करावी लागते. नोव्हेंबर १९१७ मध्ये भरतीची वैद्यकीय तपासणी युद्धखात्याकडून काढून राष्ट्रीय सेवा मंत्रालयाकडे दिली गेली. पुढच्या वर्षभरात नव्या मंडळांनी २४ लाखांहून अधिक तपासण्या केल्या आणि माणसांच्या चार श्रेणी पाडल्या. पहिली श्रेणी म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. त्यात शंभरात ३६ जण बसले. दुसरीत २२-२३, तिसरीत ३१-३२ आणि चौथीत, म्हणजे कुठल्याच लष्करी कामाला न चालणारे, १०. शरीररचनेचे अभ्यासक आर्थर कीथ यांच्या हिशेबानं निरोगी समाजात पहिल्या श्रेणीत शंभरात ७० तरी यायला हवेत. मंत्रालयाच्या अहवालानं हेच नऊ माणसांवर मांडून दाखवलं: तीन धडधाकट, दोन कमजोर, तीन जेमतेम कष्ट झेपणारे आणि एक कायमचा आजारी. लढाईच्या वयाचे पुरुष हं हे, म्हातारे नव्हेत.

त्याआधीच्या वर्गवारीत सगळ्यात वर ए-१ आणि तळाला सी-३ असायचं. सप्टेंबर १९१८ मध्ये मँचेस्टरला केलेल्या भाषणात पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी बजावलं की सी-३ प्रजेच्या जिवावर ए-१ साम्राज्य चालवता येणार नाही. सी-३ हा शब्द त्यानंतर लोकांच्या तोंडी बसला.

मग युद्ध संपलं. १९२० मध्ये सक्तीची भरती बंद झाली. पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही असं गृहीत धरून लष्कराचा खर्च ठरवायचा, हा नियम मंत्रिमंडळानं १९१९ मध्येच केला होता. १९२२ मध्ये सरकारी खर्च कमी करायला नेमलेल्या गेडीस समितीची कात्री चालली. लहान, स्वेच्छेच्या भरतीवर चालणारं सैन्य राहिलं आणि लोकांच्या तब्येतीचा प्रश्न लष्कराच्या टेबलावरून उतरला.

तो परत आला तिशीत, आणि फार वाईट रूपात आला. जानेवारी १९३३ मध्ये नोंदलेले बेकार ३० लाखांच्या घरात होते. सैन्यात दिवसाला दोन शिलिंग, शिवाय जेवण, कपडे, डोक्यावर छप्पर. दारात रांग लागायला हवी होती. तरी १९३५-३६ च्या सुमारास पलटणी अपुऱ्या होत्या, आणि जी पोरं येत होती त्यांतली निम्म्याहून अधिक परत पाठवली जात होती. उंची कमी, वजन कमी, छाती भरत नाही, दात किडलेले, कान वाहणारे, पाय सपाट, नजर अधू. १९१८ मध्ये जी मुलं पाळण्यात किंवा बालवाडीत होती तीच ही. सी-३ वर भाषण झालं त्या वर्षी जन्मलेलं पोर १९३६ मध्ये अठरा वर्षांचं होऊन भरतीला आलं आणि नापास झालं!

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. १९३६ मध्ये युद्धखात्यानं ऑल्डरशॉटच्या लष्करी छावणीत एक प्रयोग केला. मापात थोडक्यात कमी पडलेल्या काही उमेदवारांना परत न पाठवता ठेवून घेतलं. पोटभर जेवण, पुरेशी झोप, दातांवर उपचार आणि बेताबेतानं वाढवत नेलेला व्यायाम. काही महिन्यांत त्यांतले बहुतेक ठरलेल्या मापाला पोचले. मग कँटरबरीला अशा पोरांसाठी कायमचं केंद्र उघडलं गेलं.

म्हणजे पोरं मुळात बरी होती. त्यांना अठरा वर्षं जे मिळालं नव्हतं ते काही महिने मिळालं. माझं म्हणणं एवढंच आहे की सैन्याची फूटपट्टी त्या काळात गरिबी मोजत होती, आणि हे ओळखायला त्या देशानं दोन दशकं घालवली. जाणकारांनी भर घालावी.

सुभेदार_निवृत्त

छान विषय. मी शारीरिक प्रशिक्षणात उस्ताद म्हणून बरीच वर्षं काढली, तेव्हा माझ्या बाजूनं थोडं.

छातीचं माप कसं घेतात ते सांगतो, कारण ते तेव्हापासून आजतागायत फारसं बदललेलं नाही. उमेदवार सरळ उभा, टाचा जुळवलेल्या. दोन्ही हात डोक्यावर. फीत पाठीमागून खवाट्याच्या हाडाच्या खालच्या टोकाला लावायची, पुढून आणायची, मग हात खाली सोडायला लावायचे आणि फीत जागची हलू द्यायची नाही. आधी साधा श्वास, मग छाती पूर्ण फुगवून. आपल्याकडे शिपाई भरतीत ७७ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढ बघतात. मुलं ओटीपोट आत ओढतात, खांदे वर उचलतात, दम कोंडून लाल होतात. खांदे उचलले की माप घेणारा ‘नीचे’ म्हणतो आणि पुन्हा घेतो.

हे एवढ्यासाठी सांगितलं की छातीची वाढ ही चार दिवसांत ‘करून’ येत नाही. लहानपणी खोकल्यात, धुरात, ओल्या खोलीत वाढलेल्या पोराची बरगडीच उघडत नाही. मला वीस वर्षांचे असे गडी माहीत आहेत की सोळाशे मीटर पळायला वाघ, पण फितीखाली उभे राहिले की चार सेंटिमीटरवर गाडी अडली. तेव्हा जुनी_पानं म्हणतात ते अगदी पटतं.

एक विचारतो. त्या काळात ब्रिटिश सैन्यात कवायतीची पद्धत कुठली होती? आमच्या उस्तादांच्या तोंडी स्वीडिश पद्धतीचं नाव यायचं.

जुनी_पानं

सुभेदारसाहेब, बरोबर ऐकलंत. १८६० मध्ये मेजर हॅमर्स्ली आणि बारा सार्जंट ऑक्सफर्डला आर्चिबाल्ड मॅक्लारेन यांच्या व्यायामशाळेत शिकून आले आणि ऑल्डरशॉटला लष्करी व्यायामशाळा सुरू झाली. ती दांड्या-कड्यांची, जड कसरतीची पद्धत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनचे व्यायामशिक्षक पेर हेन्रिक लिंग यांची स्वीडिश पद्धत आली: मोकळ्या हातापायांच्या हालचाली, श्वासाकडे लक्ष. पहिल्या महायुद्धानंतर त्यात खेळ आणि मुष्टियुद्ध जास्त शिरलं.

टाइनकाठ

मी गेली काही वर्षं न्यूकॅसलला आहे. इथे टाइन नदीच्या दक्षिणेला जॅरो आहे. १९३० च्या दशकात पामर्स जहाज कारखाना बंद पडला आणि गावातल्या बहुतेक घरांची चूल त्यावरच चालत होती. ऑक्टोबर १९३६ मध्ये इथले २०० जण काम मागायला लंडनपर्यंत चालत गेले. सैन्याच्या अधिकाऱ्यांना पोरं हवी होती तीही मुख्यतः अशाच भागांतून: टाइनसाइड, दक्षिण वेल्स, स्कॉटलंडचा कारखान्यांचा पट्टा. जिथं काम नाही तिथं भरतीला माणूस येतो. पण जिथं काम नाही तिथं जेवणही नसतं, त्यामुळे येणारा माणूस आधीच खंगलेला असायचा.

धाग्याला अगदी लागू पडणारी एक गोष्ट इथून जवळच्या स्टॉक्टन-ऑन-टीज गावची आहे. तिथले आरोग्य अधिकारी डॉ. मॅकगॉनिगल. १९२७ मध्ये नगरपालिकेनं एक गलिच्छ वस्ती पाडली आणि तिथल्या कुटुंबांना माउंट प्लेझंट नावाच्या नव्या वसाहतीत हलवलं. हवेशीर घरं, न्हाणीघर, अंगण, सगळं. मॅकगॉनिगल यांनी पुढची पाच वर्षं मृत्यूच्या नोंदी ठेवल्या. नव्या घरांत गेलेल्यांचा मृत्युदर खाली यायला हवा होता. तो वाढला, आणि चांगलाच वाढला. जुन्या वस्तीत मागे राहिलेल्यांचा तसा वाढला नव्हता.

त्यांनी घरोघरचा खर्च लिहून काढला. नव्या घराचं भाडं जवळजवळ दुप्पट होतं. बेकार भत्ता तेवढाच. भाडं थकवलं तर घर जाणार, म्हणून काटछाट होत होती ती फक्त जेवणात. दूध, मांस, अंडी, भाज्या कमी आणि पाव-मार्जरीन जास्त.

मी त्या भागातून जातो तेव्हा हे हटकून आठवतं. घर सुधारलं, पाणी सुधारलं, आणि माणसं जास्त मेली. एकट्या घरानं तब्येत सुधारत नाही हे त्या माणसानं आकड्यांनी दाखवलं, आणि तेही नोकरीत असताना, वरिष्ठांना न आवडणारं असूनही. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

कऱ्हाकाठ

अंगावर काटा आला वाचून. टाइनकाठ, सरकारनं यावर काय म्हटलं?

टाइनकाठ

सरकारी भूमिका अशी होती की कुपोषण आहे याला पुरावा नाही. शाळांच्या वैद्यकीय तपासणीत कुपोषित मुलं शंभरात एकाच्या आसपास दाखवली जायची. हा आकडा आणि सैन्यानं परत पाठवलेल्यांचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. शाळेत ‘ठीक’ असा शेरा मिळालेलं पोर चार वर्षांनी भरतीत नापास होत होतं. शाळेचे डॉक्टर नजरेनं बघून शेरा मारायचे, आणि सगळा वर्गच तसा असेल तर तेच ‘ठीक’ वाटणार. सैन्याकडे फीत आणि वजनकाटा होता.

आहारसाधना

मी आहारतज्ज्ञ आहे. या विषयात एक धागा थेट आपल्याकडून जातो आणि तो कुणी आणला नाही म्हणून लिहिते.

निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचे भारतीय वैद्यकीय सेवेतले लष्करी डॉक्टर आहारावर संशोधन करत होते. (त्याच संस्थेतून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली.) हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांच्या शरीरयष्टीत एवढा फरक का, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी एकाच वयाच्या, एकाच जातीच्या उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकेका समाजाचं जेवण दिलं. वजनात आणि तब्येतीत पहिला आला शीख जेवणाचा गट, दुसरा पठाणी, तिसरा मराठ्यांचा. त्याखाली गुरखा, कानडी, बंगाली आणि तळाला मद्रासी. उंदीर सगळे सारखेच होते. फरक पडला तो ताटातल्या पदार्थांमुळे.

शीख जेवणात काय होतं? अख्ख्या गव्हाची चपाती, लोणी-तूप, मोड आलेली कडधान्यं, कच्ची भाजी, दूध भरपूर आणि आठवड्यातून एकदा हाडासकट मांस. तळाच्या गटात पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात आणि दूध जवळजवळ नाही.

यानंतरचा प्रयोग तुमच्या धाग्यासाठी महत्त्वाचा. त्यांनी एका गटाला हेच शीख जेवण दिलं आणि दुसऱ्याला इंग्लंडमधल्या गरीब माणसाचं जेवण: पांढरा पाव, मार्जरीन, थोडं दूध घातलेला गोड चहा, उकडलेला कोबी-बटाटा, डब्यातलं मांस, जॅम. दुसऱ्या गटाची वाढ खुंटली. फुप्फुसाचे आणि पोटाचे विकार वाढले. ते चिडके झाले, सांभाळणाऱ्यांना चावू लागले आणि दोन महिन्यांच्या सुमारास आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खाऊ लागले. १९३६ मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत मॅककॅरिसन यांनी हे सगळं मांडलं. ज्या वर्षी ऑल्डरशॉटचा प्रयोग झाला तेच वर्ष.

सुभेदारकाका म्हणाले तसं, बरगडी उघडत नाही ती लहानपणापासून. मुडदूस म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा हाडांचा विकार. कारखान्यांच्या धुरानं सूर्य झाकलेली शहरं आणि दूध-लोणी परवडत नाही अशी घरं. छातीचा पिंजरा त्यातच चिमटतो, पाय वाकतात. विशीत कितीही दंड काढले तरी हाडाचा आकार बदलत नाही. ऑल्डरशॉटला जी पोरं सुधारली ती थोडक्यात हुकलेली होती हे लक्षात ठेवा. फार मागे राहिलेल्यांना तिथंही प्रवेश नव्हता.

पाऊलखूण

आहारसाधनाताई, माहिती उत्तम, पण एक गोष्ट मला खटकते आणि ती बोललीच पाहिजे.

‘शीख जेवण’, ‘मराठा जेवण’ ही नावंच मुळात घोळ करतात. दूध-तूप-गहू हे पंजाबातल्या जमीन असलेल्या, घरी म्हैस असलेल्या शेतकऱ्याचं जेवण. त्याच गावातल्या भूमिहीन माणसाच्या ताटात ते नव्हतं. आणि ‘मराठा’ म्हणून जे जेवण घेतलं ते माझ्या आजोबांच्या घरचं नव्हे. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि लाल तिखट, दूध चहापुरतं.

आता भरतीकडे बघा. सायमन कमिशनच्या आकड्यांनुसार १९३० मध्ये हिंदी सैन्यातल्या १,५८,२०० लढाऊ शिपायांपैकी ८६,००० एकट्या पंजाबचे होते. मुंबई इलाख्याचे ७,०००. बंगालचा एकही नाही. इंग्रज याला ‘लढाऊ जमाती’ म्हणत, म्हणजे शौर्य रक्तात असतं म्हणत. आपल्या घरी मात्र त्यांचं पोर मापात बसलं नाही तेव्हा त्याला काही महिने खाऊ घातलं, दात नीट केले आणि घेतलं. इथे ज्या समाजांना नाकारलं त्यांच्यासाठी ऑल्डरशॉट कुणी काढलं नाही.

महारांचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान् पिढ्या नोकरी केली. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला भरती बंद. तेव्हा कुणी फीत लावून ‘तुम्ही बारीक आहात’ असं म्हटलं नव्हतं. जात बघून दार लावलं. ती पुन्हा सुरू करा म्हणून १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. १९१७ मध्ये माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. मग दोन दशकं पुन्हा काही नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. ज्या घरात सुभेदारी होती त्याच समाजाला ‘तुम्ही सैनिकी जातीचे नाही’ हे ऐकावं लागलं. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले, तिथे त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

म्हणून ‘सैन्याची फूटपट्टी गरिबी मोजत होती’ हे ब्रिटनपुरतं खरं. इथे ती फूटपट्टी हातात घेण्याआधीच निम्मे लोक रांगेतून काढलेले होते.

आहारसाधना

पाऊलखूण, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि मॅककॅरिसनच्या प्रयोगाचा खरा जोर तुमच्याच बाजूनं आहे. एकाच जातीच्या उंदरांना सात प्रकारचं जेवण देऊन सात प्रकारची शरीरं तयार होत असतील, तर ‘लढाऊ रक्त’ हे स्पष्टीकरण लंगडं पडतं. भरती अधिकाऱ्यांच्या पुस्तकांत जे वंशाचे गुण म्हणून लिहिलं होतं त्यातलं बरंचसं म्हशीचं दूध होतं. दुर्दैवानं त्या प्रयोगाचा वापर पुढे उलटाच झाला, ‘अमुक समाजाचं खाणं श्रेष्ठ’ असं म्हणायला. भूमिहीनांच्या ताटाचा वेगळा गट त्यांनी करायला हवा होता.

आकडेमोड

थोडा विरोधी सूर लावतो, धाग्याच्या भल्यासाठी.

१९१७-१८ च्या आकड्यांवरून ‘राष्ट्र खंगलं होतं’ म्हणणं घाईचं आहे. त्या वर्षी मंडळांपुढे आले कोण? १९१४-१५ मध्ये धडधाकट तरुण स्वतःहून केव्हाच गेले होते. उरले ते आधी नाकारलेले, वयानं मोठे, कारखान्यांतून ओढून आणलेले. गाळलेल्या चहाच्या चोथ्यावरून चहाची प्रत ठरवण्यासारखं आहे ते. शिवाय एकच माणूस दोनदा तपासला गेला असेल तर २४ लाख तपासण्या म्हणजे २४ लाख माणसं नव्हेत.

तिशीतल्या आकड्यांनाही तीच अडचण, उलट्या बाजूनं. शांततेच्या काळात स्वेच्छेनं सैन्यात जायला येणारा म्हणजे बहुधा बेकार आणि तळातला. तो सगळ्या देशाचा नमुना नव्हे. मापंही स्थिर नव्हती. १९१४ च्या सप्टेंबरात गर्दी आवरायला किमान उंची पाच फूट तीन इंचांवरून एकदम पाच फूट सहा केली, पुन्हा खाली आणली, मग बर्कनहेडपासून पाच फुटांवरच्या बुटक्यांच्या ‘बँटम’ पलटणी उभ्या राहिल्या. त्यांत बरेच खाणीत काम करणारे गडी होते, अंगानं दणकट, फक्त उंचीनं कमी. ‘नापास’ या शब्दाचा अर्थ ज्या त्या महिन्याच्या गरजेवर ठरत होता.

आणि एक आकडा जुनी_पानं यांनी दिला नाही. मे १९३९ च्या कायद्यानं वीस वर्षांच्या सगळ्या तरुणांना बोलावलं, गरीब-श्रीमंत सगळे. त्यांत शंभरात ८० हून अधिक पहिल्या श्रेणीत बसले.

जुनी_पानं

आकडेमोड, १९३९ चा आकडा मी मुद्दाम चर्चेसाठी राखला होता, तुम्ही आणलात ते बरं झालं. १९१८ चा आकडा जसाच्या तसा देशाला लावता येत नाही, हेही खरं. पण त्यातून तुम्ही जिकडे जाता तिकडे मी जात नाही.

तळातला माणूसच भरतीला येत होता, म्हणून आकडा वाईट, असं तुम्ही म्हणता. माझा मुद्दाही तोच आहे! सरासरीनं देश ठीक होता आणि तळ खचला होता. १९३६ मध्ये ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेचे जॉन बॉइड ऑर यांनी उत्पन्नानुसार लोकांचे सहा गट पाडून आहार तपासला. सगळ्यात खालच्या गटात, म्हणजे लोकसंख्येच्या दहाव्या हिश्श्यात, प्रत्येक घटक कमी पडत होता, आणि देशातली पाचवा हिस्सा मुलं त्या गटात होती. कारण गरीब घरात मुलं जास्त. संपूर्ण आरोग्याला पुरेल असं जेवण निम्म्याच लोकांना मिळत होतं. हे बॉइड ऑर पहिल्या महायुद्धात सैन्याचे डॉक्टर होते, पदकं मिळवलेले. पुढे जागतिक अन्न व शेती संघटनेचे पहिले महासंचालक झाले आणि १९४९ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्यांनी विशीच्या दशकात स्कॉटलंडच्या शाळांत मुलांना रोज दूध देऊन पाहिलं होतं, आणि दूध मिळालेली मुलं इतरांपेक्षा ठळकपणे जास्त वाढली. ऑक्टोबर १९३४ पासून शाळेत अर्ध्या पेनीला तिसरा हिस्सा पाइंट दूध मिळू लागलं. तेही मुलांच्या काळजीइतकंच दुधाचा माल खपत नव्हता म्हणून.

सरकारचा भर मात्र व्यायामावर होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकनं सगळे दिपले होते. शिक्षणखात्याचं मंडळ जर्मनीत जाऊन कवायती पाहून आलं आणि १९३७ मध्ये शारीरिक शिक्षणाचा कायदा झाला. मैदानं, पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा. वाईट काहीच नाही. पण पाव-मार्जरीनवर जगणाऱ्या पोराला उड्या मारायला लावणं मला निर्दयपणाचं वाटतं.

लष्करानं तेवढ्यात जास्त शहाणपण दाखवलं हे कबूल करायला हवं. मे १९३७ मध्ये हॉर-बेलिशा युद्धमंत्री झाले. त्यांनी मापं सैल केली, कवळी किंवा चष्मा असलेल्यांना घ्यायला सुरुवात केली आणि स्वयंपाकघरात हात घातला. लायन्स या चहाघरांच्या प्रसिद्ध कंपनीचे प्रमुख सर इसिडोर सॅमन यांना १९३८ मध्ये लष्कराचे खानपान सल्लागार नेमलं. त्यातूनच १९४१ मध्ये सैन्याचं स्वतंत्र आचारी दल झालं.

कऱ्हाकाठ

सगळी चर्चा पोरांची चालली आहे. त्यांच्या आयांचं काय? घरात अन्न कमी असेल तर सगळ्यात कमी कोण खातं हे आपल्याला सांगायला नको.

टाइनकाठ

कऱ्हाकाठताई, योग्य प्रश्न. १९३९ मध्ये मार्जरी स्प्रिंग राइस यांनी कामगारवर्गातल्या १,२५० विवाहित स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. रक्तक्षय, डोकेदुखी, पाठदुखी, दात गेलेले, पायांच्या शिरा फुगलेल्या, आणि बहुतेक जणी डॉक्टरकडे गेलेल्याच नव्हत्या. नोकरी करणाऱ्याला आरोग्य विमा होता, त्याच्या बायकोला नव्हता. कमावता नवरा आधी जेवणार, मग मुलं, उरलेल्यावर आई. सैन्यानं नापास केलेलं पोर अशा आईच्या पोटी वाढलेलं होतं, आणि त्या आईला तपासायला कुठलंच मंडळ बसलं नाही.

सुभेदार_निवृत्त

हे वाचून मी दोन वेळा उठून फेरी मारून आलो.

आकडेमोड यांनी बँटम पलटणींचं लिहिलं त्याबद्दल आभार. उंचीवरून माणूस जोखू नये हे मी अनुभवानं सांगतो. गुरखा आणि आपला मावळी गडी, दोघं बुटके, पण चढावर मागे पडत नाहीत.

आमच्या तालुक्यात भरतीपूर्व अकादम्यांचं पेव फुटलंय. एका ठिकाणी मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, नाव घेत नाही. पहाटे साडेचारला मुलं मैदानावर. सोळाशे मीटरच्या फेऱ्या, मग बीम, मग नऊ फुटी खड्डा, मग परत फेऱ्या. सातला नाश्ता: पातळ पोहे आणि चहा. मी स्वयंपाक्याला विचारलं, शेंगदाणे? म्हणे परवडत नाहीत. अंडं रविवारी. वसतिगृहाची फी मात्र बापानं शेळ्या विकून भरलेली. सतरा-अठराची पोरं, नडगीच्या हाडाला सूज येऊन लंगडत होती, आणि ‘दर्द में दौडो’ म्हणून मागे शिट्टी चालू. पुरेसं खाणं नसताना एवढं पळवलं की हाडाला चीर जाते. मग वैद्यकीय तपासणीत पोरगं बाद, आणि खापर फुटतं त्याच्या ‘जिगर’वर.

मी त्यांना ऑल्डरशॉटचं सांगू शकलो असतो तर बरं झालं असतं. आता सांगेन.

मास्तर_घाटमाथा

सुभेदारसाहेब, मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. दरवर्षी नववी-दहावीची पंधरा-वीस मुलं भरतीचं स्वप्न घेऊन माझ्याकडे येतात. घरची परिस्थिती तुम्ही लिहिली तशीच. कमी खर्चात त्यांना काय सांगू? आहारसाधनाताईंनीही सांगावं.

आहारसाधना

मास्तर, महागड्या पावडरीच्या डब्यांना हात लावू देऊ नका. रोज मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. मोड आलेली मटकी किंवा हरभरा वाटीभर, वर लिंबू पिळून, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. नाचणी किंवा बाजरीची भाकरी, डाळ घट्ट. जमेल तर रोज एक अंडं आणि कपभर दूध. जेवणानंतर लगेच चहा नको, लोह शोषलं जात नाही. दहावीत नव्हे, आठवीत सुरू करा. आणि वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं.

सुभेदार_निवृत्त

मास्तर, ताईंनी सांगितलं त्यात माझी भर: आठवड्यातून चारच दिवस पळवा, डांबरी रस्त्यावर अजिबात नाही, मातीवर. पहिले तीन महिने घड्याळ हातात घेऊ नका. दात दाखवून घ्या, कान तपासून घ्या, या दोन गोष्टींवर आजही पोरं बाद होतात आणि दोन्ही वेळेवर बऱ्या होतात. सपाट पाय वाटला तर आधीच लष्करी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एखाद्या डॉक्टरला दाखवा, म्हणजे पोराची दोन-तीन वर्षं वाया जात नाहीत.

पाऊलखूण

मास्तर, आणि वजन-उंचीची वही ठेवा, प्रत्येक मुलाची, दर तीन महिन्यांनी. स्टॉक्टनच्या त्या डॉक्टरनं नोंदी ठेवल्या म्हणून आपण आज हे बोलतोय.

जुनी_पानं, १११ व्या महार पलटणीवर स्वतंत्र धागा काढायचा माझा विचार आहे. वलंगकरांच्या आणि कांबळ्यांच्या अर्जांपासून सुरुवात करीन. तुमच्याकडे १९१७ ते १९२१ च्या काळातलं काही असेल तर तिथे टाका.

जुनी_पानं

जरूर काढा. मुंबई इलाख्यातली १९१७-१८ ची भरती, दुष्काळ आणि एन्फ्लुएंझा यांच्यावर माझी टिपणं आहेत, ती तिथेच देतो.